चौऱ्याण्णव नवऱ्या आणि एक पिवळा दिवा

आमच्या गावात मुलीचं लग्न ठरलं की पहिला फोन दौलतकाकांना जातो. हॉल, भटजी, जेवणवाले हे सगळे नंतर. त्या तारखेला दौलतकाकांची गाडी मोकळी नसेल तर तारीख बदलतात, आणि मुहूर्त बदलून द्यायला भटजीही कुरकुर करत नाहीत, कारण त्यांची स्वतःची मुलगी त्याच गाडीतून सासरी गेली.

गाव कामतघरच्या पुढे, खाडीच्या अंगाला. जिथे भात व्हायचा तिथे गोदामं झाली, आणि गोदामांच्या मागोमाग गावात इतक्या रुंद गाड्या आल्या की वळवायच्या तर दोन घरांच्या ओट्यांची परवानगी लागते. पण नवरीला घालवायला दौलत भोईरांची तेरा वर्षांची पांढरी पेट्रोल गाडीच हवी. का, ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. या गाडीतून चौऱ्याण्णव मुली सासरी गेल्या आणि त्यांतली एकही परत आली नाही.

काकांनी तीस वर्षं टेम्पो चालवला, यंत्रमागाच्या कापडाचे तागे वाहिले. मूलबाळ नाही. टेम्पो विकून त्यांनी ही गाडी घेतली तेव्हा हौसाकाकी म्हणाली होती, आपल्या दोघांना जायचंय कुठं. पण त्याच महिन्यात शेजारच्या लग्नातली भाड्याची गाडी आली नाही, काकांनी आपली पुढे केली, आणि त्यांचं नशीब उघडलं. पैसा एक घेत नाहीत. मान मात्र पुरेपूर घेतात. पांढरा लेंगा-सदरा, पांढरी टोपी, पहिल्या पंगतीत पान, आणि नवरी उतरवून आल्यावर डिकीच्या झाकणाला आतून कुंकवाचं एक बोट. एरवी गावात त्यांचा शब्द कोणी मोजत नाही, कारण गोदाम बांधण्याजोगी जमीन त्यांच्याकडे नव्हती. लग्नात मात्र सरपंच उठून त्यांना खुर्ची देतो, आणि काका त्या खुर्चीत असे बसतात की फोटोग्राफर चुकून त्यांनाच वरबाप समजतो.

त्या चौऱ्याण्णवांतली सहावी मी.

मी दिपाली. तीन वर्षं सासरी होते. नवरा मारायचा. हे मी सरळ लिहिते, कारण गावात ते कोणी सरळ बोलत नाही. नऊ वर्षांपूर्वी आईने काकांना सांगितलं. काकांनी गाडी काढली, माझ्या सासूच्या डोळ्यांदेखत माझी बॅग उचलून डिकीत टाकली आणि मला घेऊन आले. वेशीवर चार माणसं बसली होती. त्यांनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, माहेरपनाला आनली. त्या दिवसापासून मी माहेरपणाला आलेली आहे. कोर्टाचा कागद हातात येऊन पाच वर्षं झाली. बायपासच्या पीयूसी केंद्रात गाड्यांचा धूर तपासण्याची नोकरी लागून सात झाली. तरीही मला हळदीला सवाष्ण म्हणून बोलावतात, माझी ओटी भरतात, आणि म्हाताऱ्या न चुकता विचारतात, मंग, कधी जानार? मी म्हणते, बघू.

सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. पण मी परत आले असं एकदा मान्य केलं की काकांचा आकडा मोडतो, आणि आकडा मोडला की ज्यांनी ज्यांनी त्या गाडीतून मुली पाठवल्या त्या सगळ्यांना आपापल्या मुलीची काळजी लागते. म्हणून चौतीस वर्षांची कमावती बाई गावाने नऊ वर्षं पाहुणी करून ठेवली आहे. मला याचा संताप येतो. पण काकांनी मला त्या घरातून बाहेर काढलं, म्हणून मीही तोंड मिटून ओटी भरून घेत होते.

एप्रिलमध्ये काकांच्या गाडीत पिवळा दिवा लागला.

काचेमागे, वेगाच्या काट्याशेजारी. इंजिनचं चित्र असतं ते, पण काकांना तो नळ वाटला. खरं सांगायचं तर दिसतोही तसाच. नळ म्हणजे पाणी, म्हणून त्यांनी रेडिएटर भरला. दिवा गेला नाही. काच धुण्याची बाटली भरली. तरी गेला नाही. मग घरात जाऊन हौसाकाकीला विचारलं, की आज पाणी आलं होतं का. काकी म्हणाली आलं होतं, तेव्हा ते आणखीनच बुचकळ्यात पडले.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं. आमच्याकडे कोणी आजारी पडलं की बघायला जायची रीत आहे, आणि ती पाळली नाही तर पुढच्या पिढीपर्यंत बोलणी ऐकावी लागतात. लोक गाडी बघायला येऊ लागले. बायका बिस्किटांचे पुडे घेऊन आल्या. एकजण शहाळं घेऊन आला, ते काकांनी प्यायलं. येणारा प्रत्येक जण बोनेटवर हात ठेवायचा, कधीपासून असं विचारायचा, आणि आपल्या नात्यातल्या एखाद्या गाडीला हेच झालं होतं नि ती पुढे कशी गेली ते सांगायचा. हौसाकाकीने दोन दिवसांत साठ कप चहा केला. तिसऱ्या दिवशी ती गाडीला म्हणाली, एकदाची बरी तरी हो.

गर्दी का, तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात बाळारामशेठच्या रुचिकाचं लग्न होतं. बाळारामशेठ म्हणजे आमच्या गावातला सर्वांत मोठा गोदामवाला. त्याची पोरगी ही पंच्याण्णवावी. एवढ्या मोठ्या शेठच्या पोटच्या पोरीचं लग्न काकांच्या गाडीला पहिल्यांदाच मिळत होतं, आणि काकांनी त्यासाठी नवी टोपी शिवायला टाकली होती. दिवा राहिला तर ते लग्न जाणार, आणि ते लग्न गेलं की पुढचं कोण देणार? सदुसष्टाव्या वर्षी काकांकडे दुसरं काही नव्हतं.

नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने स्टिअरिंगखाली मशीनची वायर जोडली, बिघाडाचा आकडा वाचला आणि म्हणाला, "चाचा, कन्वर्टर गया." बाळारामशेठ सोबत होताच. त्याने विचारलं, कन्वर्टर म्हणजे काय. गॅरेजवाल्याने समजावून सांगितलं, की इंजिनातून घाण धूर निघतो, तो सायलेन्सरला जाण्याआधी एका डब्यातून जातो, तिथे साफ होतो आणि मग बाहेर पडतो. तो डबाच मेला.

बाळारामशेठने हे घरी येऊन दोन दिवस मनात घोळवलं. मग ओट्यावर माणसं जमवून निकाल दिला, "म्हनजे या गाडीतून जे भायेर पडतं, ते शुद्ध होऊन पडत न्हाय."

कोणी हसलं नाही. कारण गाडीतून बाहेर पडणारी सर्वांत मोठी वस्तू म्हणजे नवरी. तिथून विचार पुढे गेला तो असा, की ज्या अर्थी दिवा लागला त्या अर्थी आधीच्यांतलं कुणीतरी बिघडलेलं असणार. म्हणजे मोजणी करावी लागेल. डिकी उघडली, बॅटरीच्या उजेडात कुंकवाची बोटं मोजली, चौऱ्याण्णव भरली. एक पुसट होतं, ते अर्धं धरावं की पूर्ण यावर चहाची एक फेरी झाली.

मग बाळारामशेठने यादी केली आणि चौऱ्याण्णव सासरी फोन लावायला घेतले. विचारायचं एवढंच, सूनबाई घरात हाय का. बघा तुम्हीच. लग्नानंतर कधी फोन न केलेल्या गावातून भरदुपारी फोन येतो आणि सून घरात आहे का एवढंच विचारून बंद होतो. संध्याकाळपर्यंत तेरा सासवा आपापल्या सुनांवर नजर ठेवून बसल्या होत्या. अंजूरच्या एका नवऱ्याने बायकोची बॅग लपवून ठेवली. वज्रेश्वरीला दिलेल्या मुलीचे सासू-सासरे तर रिक्षा करून इथेच आले, की आमच्याबद्दल काय ऐकलंत ते तोंडावर सांगा. त्यांना जेवू घालून परत पाठवावं लागलं.

यादीत सहावं नाव माझं. मी तेव्हा त्याच ओट्याच्या पायरीवर बसले होते. बाळारामशेठने नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं, घसा साफ केला आणि पुढे लिहिलं, 'पाहुणी, हजर.' मग सातव्या नंबरला फोन लावला.

मोजणी बरोबर निघाली. चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव जागेवर. पण दिवा काही विझेना. तेव्हा बाळारामशेठ आमच्या घरी आला. आईने पाणी दिलं. तो म्हणाला, दिपालीवर कोणाचा रोष नाही, ती आपली मुलगी आहे, पण रुचिकाच्या लग्नाच्या वेळी तिने दोन दिवस वज्रेश्वरीला जावं. गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ करावी, देवीचं दर्शन घ्यावं, पाय बरे होतात. मी म्हटलं, माझे पाय बरे आहेत. तो म्हणाला, तरी पण.

त्या रात्री नाही, त्याच क्षणी मी ठरवलं की हा दिवा कशाने लागला ते मी शोधून काढणार. देवाधर्मासाठी नव्हे, काकांसाठीही पूर्ण नव्हे. गाडीच्या धुराचा डबा फुटला म्हणून मला कुंडात बुडवायला निघालेल्या माणसाला तोंडघशी पाडायचं होतं.

सकाळी काकांना गाडी घेऊन माझ्या केंद्रावर बोलावलं. इंजिन गरम होऊ दिलं आणि मशीनची नळी सायलेन्सरमध्ये घातली. सात वर्षं मी हेच करते. कन्वर्टर मेलेली गाडी लपत नाही, पडद्यावरचा आकडा लगेच वर चढतो. काकांच्या गाडीचा आकडा इतका खाली होता की मी नळी काढून पुन्हा घातली. मागच्या आठवड्यात आलेल्या नव्या कोऱ्या गाडीइतकाच स्वच्छ धूर. मी म्हटलं, काका, तुमचा डबा ठणठणीत आहे. मशीन खोटं बोलतंय, किंवा मशीनला कोणीतरी फसवतंय.

काका म्हणाले, "गाडीला कोन फसवनार? गाडीनं कुनाचं काय केलंय?" आणि डोळे पुसायला लागले. मला काय करावं कळेना, म्हणून मी त्यांना पीयूसीचा कागद काढून दिला.

मग आम्ही कल्याण नाक्यावर दीपेशकडे गेलो. दीपेश हा शेजारच्या गावचा, कमी बोलणारा, आणि आकडा वाचून लगेच सामान बदला न म्हणणारा एकमेव मेकॅनिक. त्याने लॅपटॉप जोडून पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. डब्याच्या आधी एक सेन्सर असतो, नंतर एक. पुढचा सारखा खालीवर होतो. डबा चांगला असेल तर मागचा स्वस्थ बसतो. इथे मागचाही नाचत होता, म्हणून गाडीला वाटत होतं की डबा मेला. दीपेश म्हणाला, मागच्याला बहुतेक बाहेरची हवा लागतेय. त्याने गाडी वर उचलली, इंजिन थंड असताना चालू केलं आणि पाइपाच्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. एका जोडावर फसफस बुडबुडे आले. तिथली पट्टी फाटून जोड चिरला होता, आणि चिरेत जळून काळा झालेला काथ्या अडकला होता.

दीपेशने तो चिमट्याने ओढला, वास घेतला आणि विचारलं, गाडी नारळाच्या झाडावर चढवली होती काय.

मला हसू फुटलं, ते थांबेना. नवरीची गाडी निघताना चाकाखाली नारळ ठेवतात, तो फुटला की गाडी सुटते. पूर्वी सोललेला एक नारळ असायचा. मग चढाओढ लागली. कोणी दोन ठेवले, कोणी चार. मार्चमध्ये बाळारामशेठच्या पुतणीच्या लग्नात बाळारामशेठने स्वतः पाच ठेवले, चार चाकांना चार आणि एक डिकीतल्या स्टेपनीच्या मानाचा, म्हणून गाडीच्या पोटाखाली मधोमध. आणि सोललेले लहान दिसतात म्हणून सगळेच्या सगळे असोले, सालीसकट, कलिंगडाएवढे. असोला नारळ कधी चाकाखाली फुटतो का? गाडी चारांवर चढली, धाडकन उतरली आणि पाचव्यावर आपटली. काकांना धक्का बसला होता, पण वाजंत्रीत कोणाला ऐकू गेलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पट्टी बदलली, जोड भरला, गाडीतला बिघाडाचा आकडा पुसला. दिवा गेला. दीपेशने खात्री म्हणून आम्हाला पडघ्यापर्यंत जाऊन यायला सांगितलं. हायवेवर काका सारखे काचेमागे बघत होते. मीच दोनदा ओरडले, की काका, समोर ट्रक आहे.

संध्याकाळी बाळारामशेठच्या अंगणात मांडवाचे खांब रोवत होते. निम्मं गाव तिथेच होतं. मी जळका काथ्या कागदात बांधून नेला होता. तो मी सगळ्यांसमोर उघडला आणि कोणाचा नारळ, कुठल्या लग्नातला, कुठे जाऊन आपटला ते सांगितलं. चांगलं ठासून सांगितलं. बाळारामशेठचा चेहरा पडला, मग दोन मिनिटांत खुलला. त्याला शरम वाटली नाही, सुटका वाटली. म्हणजे दोष नाही. म्हणजे गाडी शुद्ध. चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव. त्याने काकांना मिठी मारली, नवी टोपी आली का विचारलं, पेढे मागवले. काका इतके दिवस वाळून गेले होते, ते एकदम उभे राहिल्यासारखे दिसले. त्यांना हवं ते सगळं परत मिळालं होतं.

पेढा तोंडात टाकता टाकता बाळारामशेठ त्यांना म्हणाला, की आता सगळं छान झालं, फक्त दिपालीला त्या दिवशी गाडीसमोर उभी नको करायला. वज्रेश्वरीची खोली सांगून ठेवलेलीच आहे.

मी काथ्याचा कागद पुन्हा गुंडाळला. मला सवय होती.

काकांनी हातातला पेढा ताटलीत परत ठेवला. "बाळाराम," ते म्हणाले, "चौऱ्यान्नव न्हाय, त्र्यान्नव. दिपाली पाहुनी न्हाय. तिचा नवरा तिला मारीत व्हता, म्हनून नऊ वर्सांमागं मीच जाऊन तिला आनली. याच गाडीत. तवा दिवा लागला नव्हता. गाडी मस्त चालली व्हती. खोटं मी बोललो, माझ्या मानासाटी."

खांब रोवणारे थांबले. कोणीतरी म्हणालं, जाऊ दे काका, कशाला उगाच. काका म्हणाले, "सगल्यांना ठावं व्हतं. मंग आता आयकायला काय जातं?" आणि घरी निघून गेले.

मी तिथे उभी राहून रडले. आनंद झाला हे खरं, पण रागही आला. एवढंसं वाक्य होतं. त्याला नऊ वर्षं का लागली? आजही मी त्यांना हे विचारते. ते म्हणतात, चूक झाली पोरी. त्यावर भांडताही येत नाही.

बाळारामशेठने दुसऱ्या दिवशी ठाण्याहून काळी लांबलचक गाडी ठरवली. काकांकडे निरोपसुद्धा आला नाही. जूनपर्यंतच्या ज्या तीन तारखा काकांना बांधलेल्या होत्या, त्याही एकेक करून सुटल्या. एकाने कारण दिलं की गाडी जुनी झाली, दुसऱ्याने दिलं की मुलीला उलटी होते पेट्रोलच्या वासाने. मला मात्र हळदीला बोलावणंच आलं नाही, आणि खरं सांगते, हळद न लागता घालवलेली ती संध्याकाळ मला फार सुखाची गेली.

रुचिकाच्या लग्नादिवशी मी सुट्टी घेऊन काकांकडे गेले. काका अंघोळ करून पांढरा लेंगा-सदरा आणि नवी टोपी घालून ओट्यावर बसले होते. गाडी धुतलेली होती. हौसाकाकी म्हणाली, सकाळपासून असेच बसलेत, जेवतही नाहीत. लांबून बँडचा आवाज येत होता. मी त्यांच्या शेजारी बसले. मला फार वाईट वाटत होतं आणि माझ्यामुळे झालं असंही वाटत होतं, तर ते म्हणाले, तुझ्यामुळं न्हाय, नारळामुळं.

अडीच वाजता काकांचा फोन वाजला. त्यांना नाव दिसत नाही म्हणून त्यांनी माझ्याकडे दिला आणि मी आवाज मोठा करून मधे धरला. पडघ्याला दिलेली पार्वती होती, अकरा वर्षांपूर्वी याच गाडीतून गेलेली. हळू बोलत होती, मागे कुकरची शिट्टी झाली. तिच्या आईने तिला अंगणातली सगळी गोष्ट फोनवर सांगितली होती. ती इकडचं तिकडचं बोलली, काकीची तब्येत विचारली. मग गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"काका," ती म्हणाली, "गाडी मोकळी हाय का?"

काका उठले. पायात चपला सरकवल्या आणि विचारलं, "पोरं किती हायेत?"

"दोन."

"बॅगा भरू नको, त्यात वेळ जातो. पोरांची वह्या-पुस्तकं घे," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दिपाली, तू मागं बस. तिला पुढं बसवू."

मी गेट उघडलं. बाहेर वरातीच्या गाड्या लागल्या होत्या, त्यांतून वाट काढत आम्ही हायवेला लागलो. हौसाकाकीने जाताना विचारलं, की किती जणांचा भात लावू. काका म्हणाले, सहा.